कॉलबॉय दादाराव

अडतीस वर्षं रेल्वेत काढून दादाराव तायडे निवृत्त झाले, त्या दिवशीसुद्धा त्यांच्या हुद्द्याचं नाव ‘कॉलबॉय’ असंच होतं. डोक्यावर काळा केस औषधाला उरला नव्हता, तरी कागदोपत्री ते पोरच. वऱ्हाडातल्या एका जंक्शनच्या लोको शेडला त्यांची नेमणूक होती. कोणत्या गाडीवर कोण ड्रायव्हर जाणार हे शेडमधले बाबू ठरवायचे, आणि दादाराव सायकलवर टांग टाकून त्या ड्रायव्हरच्या क्वार्टरवर जायचे. दार ठोठावायचं, माणूस नीट जागा झालाय ना ते बघायचं, गाडीचा नंबर सांगायचा आणि कॉल-बुकात वेळ टाकून त्याची सही घ्यायची. सही झाली की गाडी त्याची. घरी कुणी भेटलं नाही तर ‘मिळाला नाही’ असा शेरा मारून यादीतल्या पुढच्या नावाकडे सायकल वळवायची.

त्या पुस्तकात खोटा शेरा त्यांनी कधी मारला नाही. हे ते अभिमानानं सांगत. पुढे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आल्यावरही सांगत, ऐकणारं कुणी भेटलं तर.

अर्विंगला त्यांना मुलीनं आणलं. बायको रत्ना गेली आणि संघमित्रा म्हणाली, “बाबा, आता तिकडे एकटे राहायचं नाही.” एकुलती एक पोर. इंजिनिअर होऊन अमेरिकेत आली, सहा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसली आणि मग एक दिवस साठवलेलं सगळं विमान शिकण्यात घातलं. चौतिसाव्या वर्षी ती एका लहानशा विमान कंपनीत को-पायलट झाली. त्या दिवशी दादारावांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि शेजारच्या प्रणिताला बोलावून साखर दिली. प्रणिता बोरकर मूळची नागपूरची, बँकेत काम करायची. दोन पोरं आणि नवरा सांभाळून ती दादारावांकडेही लक्ष ठेवायची. “काका, तुमची मुलगी पायलट, यार! आमच्या पोरांना सांगा जरा काहीतरी,” असं ती म्हणाली, आणि दादाराव दोन दिवस त्याच आनंदात होते.

पण नोकरी लागली म्हणजे रोज ठरलेलं विमान मिळालं असं नव्हतं. नव्या पायलटांना आधी रिझर्व्हवर ठेवतात. कुणी आजारी पडलं, कुणी वादळामुळे दुसऱ्याच गावात अडकलं, की शेड्युलिंगवाले रिझर्व्हच्या यादीतल्या पायलटला फोन करतात. संघमित्रानं पहिल्याच आठवड्यात वडिलांना सगळं समजावून सांगितलं होतं.

“सकाळी दहा ते रात्री दहा माझी पाळी. त्या वेळात फोन आला की पंधरा मिनिटांत उचलायचा, नाहीतर परत लावायचा. ॲपवर पण मेसेज येतो, पण नुसता मेसेज येऊन चालत नाही. मी स्वतः ‘मिळालं, येते’ असं म्हणायला लागतं. आणि मग दोन तासांत एअरपोर्टवर, युनिफॉर्ममध्ये.”

दादारावांचा चेहरा उजळला. “म्हणजे आमचंच काम की गं हे! नुसती सायकल तेवढी गेली.”

“तसंच म्हणा.”

“आणि झोप झाली नसली तर?”

“तर सांगायचं, मी थकलेय, मी फ्लाय करू शकत नाही. ते दुसऱ्याला बोलावतात. तसा कायदाच आहे इथे.”

यावर मात्र दादाराव हसले. “बाई, असे कायदे भिंतीवर लावायला असतात. साहेबाला ‘थकलो’ म्हणून सांगणारा माणूस मी तरी पाह्यला नाही नोकरीत टिकलेला.”

संघमित्राही हसली आणि विषय तिथेच संपला.

तेव्हापासून घराचा दिवस त्या फोनभोवती फिरू लागला. संघमित्रा आंघोळीला गेली की दादाराव फोन हातात घेऊन बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. ती कचरा टाकायला खाली गेली तरी फोन घेऊन मागोमाग जात. दुपारी ती पडली की दादारावांची टीव्ही बघायची हिंमत होत नसे, आवाजात घंटी बुडेल म्हणून. फोन वाजला की ते तिच्या खांद्याला हात लावत आणि शेडच्याच सुरात म्हणत, “उठा, कॉल आहे.” संघमित्रा उठून बसायची, घसा साफ करायची आणि इंग्रजीत बोलायची. तेवढ्यात दादाराव इस्त्रीचा पांढरा शर्ट खुंटीवरून काढून ठेवत. आठ महिन्यांत असे तीसेक कॉल आले असतील. घरी असताना एकही चुकला नाही.

चुकला तो एकच, आणि तो घरी नव्हे. चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता. हॉलमध्ये लाऊडस्पीकर, लहान पोरांची भाषणं, तीनशे माणसांचं जेवण. संघमित्राचा फोन पर्समध्ये वाजून गेला. तिनं बघितला तेव्हा बावीस मिनिटं उलटली होती. लगेच लावला, माफी मागितली, पण कंपनीनं पत्र दिलं. नोकरीचं पहिलं वर्ष कच्चं असतं, त्या वर्षात युनियनही फारशी मधे पडत नाही. पत्रात लिहिलं होतं की पुन्हा असं झालं तर नोकरीचा विचार करावा लागेल. ते पत्र तिनं वडिलांना दाखवलं नाही. त्यांनी जयंतीचा दिवस म्हणून उगाच मनाला लावून घेतलं असतं.

जून महिन्यात टेक्सासमध्ये रोज संध्याकाळी वादळं उठत होती. विमानं अडकायची, पायलट भलत्याच गावी पडायचे आणि रिझर्व्हवाल्यांची ओढाताण व्हायची. संघमित्रा सलग पाच दिवस उडत होती. कागदावर तिची विश्रांती पुरी होत होती, कारण कागद हॉटेलात शिरल्यापासूनचे तास मोजतो. हॉटेलातल्या लिफ्टचा खडखड आवाज, शेजारच्या खोलीतलं भांडण, हे तो मोजत नाही. सहाव्या दिवशी सकाळी ती घरी होती, पण दहाला पुन्हा पाळी सुरू झाली. तिनं वरणभात चार घास खाल्ला. डोळे लाल झाले होते. ताट उचलताना वाटी हातातून खाली पडली.

“बाबा, मी सोफ्यावर पडते जरा. फोन तुमच्याकडे ठेवा. वाजला की उठवा.”

“हो, पड तू.”

ती पडली तशी झोपली. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. लहानपणी ताप आला की ती अशीच झोपायची. दादाराव फोन मांडीवर घेऊन समोर बसले.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

दादाराव उठले. तिच्या खांद्याकडे हात नेला, आणि तो हात तसाच राहिला.

त्यांना पुंडलिक इंगळे दिसला. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच भर दुपार होती. दादारावांनी पुंडलिकच्या क्वार्टरचं दार ठोठावलं, तर तो भिंतीला धरून बाहेर आला. घरात पोरगी टायफॉइडनं आजारी, तीन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुंडलिक त्यांच्याच गल्लीत वाढलेला, विहारात शेजारी बसणारा. तो म्हणाला, “दादा, आज ‘मिळाला नाही’ लिही. येवढ्या एका डावाला. माझे डोळे उघडे राहणार नाहीत.” दादाराव म्हणाले, “तू समोर उभा आहेस, पुंडलिक. मी खोटं कसं लिहू?” पुंडलिकनं मग पेन घेतला आणि सही केली. संध्याकाळी त्याची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून, सुटलेली गाडी अडवायला टाकलेल्या वाळूत शिरली. कुणी मेलं नाही. पण पुंडलिकची नोकरी गेली. पुढे तो दारूला लागला आणि पाच वर्षांत संपला. चौकशीत कॉल-बुक पुढे आलं तेव्हा साहेबांनी दादारावांची पाठ थोपटली होती, पुस्तक इतकं चोख ठेवलं म्हणून. ही गोष्ट दादारावांनी रत्नालाही कधी सांगितली नव्हती.

फोन वाजून थांबला. दोन चौदाला पुन्हा वाजला.

संघमित्रा हललीसुद्धा नाही. दादारावांनी फोनवर सोफ्याची उशी दाबून धरली. मनात म्हणाले, यादीत पुढचं नाव असेलच. ‘मिळाली नाही’ असं लिहितील आणि पुढे जातील. पोर या डोळ्यांनी विमान चालवायला जाणार नाही. आज नाही.

उशीखालून फोन गुरगुरत राहिला. दोन एकवीसला वाजला. दोन पंचविसाला वाजला. मग गप्प झाला. दादारावांनी तेव्हा उशीवरचे हात काढले.

संघमित्राला जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. उठल्या उठल्या तिनं हात पुढे केला. “फोन?”

दादारावांनी उशी उचलली आणि फोन दिला. तिनं स्क्रीनकडे बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

“बाबा, चार कॉल आहेत.”

“हो.”

“तुम्हाला ऐकू नाही आलं? झोप लागली का तुम्हाला?”

ती पळवाट होती. दादारावांच्या जिभेवर ‘हो’ आलंही होतं. पण अडतीस वर्षांची सवय आड आली.

“नाही, मी जागा होतो. मीच नाही उठवलं तुला. तुझी दशा बघवेना, संघू. म्हटलं, दुसरा कुणी जाईल.”

संघमित्रा ओरडली नाही. सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली.

“मी फोन उचलून सांगितलं असतं, बाबा. सांगितलं असतं की मी फटीग झालेय. एक वाक्य. त्यांनी चुपचाप दुसऱ्याला बोलावलं असतं. एक फॉर्म भरायला लागतो, बस. मला ‘नाही’ म्हणता येत होतं. फक्त फोन उचलायला लागतो.”

“मला वाटलं, तो कायदा...”

“मी सांगितलं होतं तुम्हाला. पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.”

मग ती फोन घेऊन आत गेली. दारामागून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. सॉरी हा शब्द दादारावांना तेवढा ओळखू आला, आणि तो फार वेळा आला. ते विमान एक तास दहा मिनिटं उशिरा सुटलं होतं. जयंतीच्या दिवशीच्या पत्राची गोष्ट तिनं त्याच संध्याकाळी सांगितली. दादाराव भिंतीला टेकून बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

चार दिवसांनी तिला ऑफिसात बोलावलं. दादाराव हट्टानं सोबत निघाले. आदल्या दिवशी दुपारभर खपून त्यांनी एक अर्ज लिहिला होता. रेल्वेत शिकलेलं सगळं इंग्रजी त्यात ओतलं होतं, मोठ्या अक्षरांत, रेघ मारलेल्या कागदावर. आपण निवृत्त कॉलबॉय, कॉल आपल्याकडे आला, आपण तो जाणूनबुजून दिला नाही, पायलटचा दोष नाही, शिक्षा असेल ती आपल्याला द्यावी. खाली सही, तारीख आणि वेळ.

पार्किंगमध्ये गाडी उभी करून संघमित्रानं तो अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग नीट घडी घालून परत त्यांच्या हातात दिला.

“मी येतो आत,” दादाराव म्हणाले. “साहेबाला मी सांगतो. माझी चूक आहे, मी कबूल करतो.”

“बाबा, तिथे कुणी विचारत नाही फोन कुणाच्या हातात होता. फोन माझा आहे. ड्यूटी माझी आहे. दुसऱ्याच्या हातात दिला हे सांगितलं तर ते जास्तच वाईट.” तिनं टोपी घेतली. “एसी चालू ठेवते. गाडीतच बसा.”

ती वीस मिनिटांत बाहेर आली. गळ्यातलं ओळखपत्र नव्हतं. गाडीत बसली, पट्टा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पण गाडी काढली नाही. वरून एक विमान उतरत होतं. दादारावांनी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

“काय सांगितलंस त्यांना?” त्यांनी विचारलं.

“झोपले होते, ऐकू आलं नाही, असं सांगितलं.”

जन्मात पहिल्यांदा आपल्यासाठी कुणीतरी खोटा शेरा मारला, हे दादारावांना कळलं. त्यांनी खिशातल्या अर्जावर हात ठेवला आणि घरी येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

पुढचे तीन महिने संघमित्रा कंपन्यांना अर्ज करत राहिली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न यायचा, आधीची नोकरी का गेली? फोन चुकले एवढं ती खरं सांगायची आणि पुढे उत्तर यायचं नाही. घरात भांडण झालं नाही. ती वडिलांना वेळेवर चहा द्यायची, बीपीच्या गोळ्या विचारायची, रविवारी गाडीनं विहारात न्यायची. पण पूर्वी ती बसल्या बसल्या त्यांना वैमानिकांच्या गमती सांगायची, एखादा कॅप्टन कसा चिप्स खाताना घोषणा करतो वगैरे, ते सगळं बंद झालं. आता ती झोपायला जाताना फोन आत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. दादाराव त्या दाराकडे बघत आणि नजर फिरवत.

एकदा प्रणितानं तिला समजावून बघितलं. “अगं, त्यांनी प्रेमापोटी केलं ना. म्हातारं माणूस आहे.”

संघमित्रा म्हणाली, “माहीत आहे मला. म्हणून तर रागावता पण येत नाहीये.” दादाराव तेव्हा स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

सप्टेंबरच्या शेवटी तिला नेब्रास्कात काम मिळालं. लहान विमान, पार्सलांची खोकी भरायची आणि एकटीनं खेड्यापाड्यांतून फिरवायची. को-पायलट नाही, प्रवासी नाहीत.

“मी एकटीच जाते, बाबा,” ती म्हणाली. “तिकडे थंडी फार. आपलं माणूस कुणी नाही, विहार नाही. तुम्ही इथेच राहा. प्रणिताताईंची खालची खोली रिकामी आहे, मी बोलले त्यांच्याशी.”

थंडीचं कारण खरं होतं. पण थंडी हेच कारण नव्हतं, हे दादारावांनी ओळखलं. ते म्हणाले, “बरं होईल.”

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं सामान बांधत होती. पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावता लावता दादारावांनी पुंडलिकची गोष्ट सुरू केली. कसं दार ठोठावलं, तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, सगळं सांगितलं. टायफॉइडच्या पोरीचं नाव कांचन होतं, ती पुढे वाचली, हेही सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

“त्या दिवशी फोन वाजला आणि मला तोच दिसला,” ते म्हणाले. “मला वाटलं, एकदा चुकलो, परत नको.”

संघमित्रा खोक्यावर बसली.

“एवढी वर्षं कुणालाच सांगितलं नाही?”

“कुणाला सांगू? लोक पाठ थोपटत होते.”

तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला. “बाबा, पुंडलिककाकांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. त्यांच्याकडे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी पुंडलिककाका नव्हते. तुम्ही मला उठवायचं होतं. पुढचं मी बघितलं असतं.”

“हो,” दादाराव म्हणाले. “आता कळतं ते.”

तिनं उठून त्यांच्या हातातली चिकटपट्टी घेतली, कारण त्यांना टोक सापडत नव्हतं. टोक काढून दिलं. दोघांनी मिळून ते खोकं बंद केलं.

सकाळी ती गेली. जाताना पाया पडली, ‘जयभीम बाबा’ म्हणाली, आणि दादारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वळेपर्यंत प्रणिताची पोरं हात हलवत होती.

दादाराव आता प्रणिताच्या खालच्या खोलीत राहतात. सकाळी पोरांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात, रविवारी विहारात सतरंज्या घालतात. कुणी विचारलं तर मुलगी पायलट आहे असं सांगतात. रेल्वेतल्या आपल्या चोख पुस्तकाबद्दल मात्र बोलत नाहीत.

संघमित्रा दर रविवारी अकराला फोन करते. गोळ्या घेता का, गुडघा कसा आहे, हे विचारते. तेही विचारतात, जेवलीस का, गाडीला नवे टायर घातलेस का. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, “काल पहिला बर्फ पडला. वरून सगळी शेतं पांढरी दिसतात.”

“विमानात एकटीच असतेस?”

“एकटीच.”

“मग बोलतेस कुणाशी?”

“कुणाशीच नाही. सवय झालीय.”

फोन चालू होता, तिच्या बाजूला कुठेतरी हीटरचा आवाज येत होता. असा मिनिटभर गेला असेल.

“ठेवते, बाबा.”

“ठेव.”

प्रणिता पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, “काय म्हणाली, काका?”

“बर्फ पडला म्हणते,” दादाराव म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.